शाई पक्की होईना, आळ बोंबलावर

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी माझ्या फ्रिजवर चिकटवलेला कागद मोठ्याने वाचलात आणि हसत सुटलात. 'या घरात मासे आणण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' आजीच्या घरात मासेबंदी म्हणजे आजीची तब्येत बिघडली असणार, असं तुमच्या आईला वाटलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. तो कागद मी तुमच्या मामासाठी लावला होता. का लावला, ते तेव्हा सांगता येत नव्हतं, कारण तो माझ्या शेजारीच बसून मुकाट्याने वरणभात खात होता. आता सगळं क्रमाने लिहिते. राग अजून गेलेला नाही, पण रागापायी क्रम बिघडवायची मला सवय नाही.

मामाचा गाळा वसई पूर्वेला आहे, तो तुम्ही पाहिला आहे. तिथे टिनच्या पत्र्यांवर छपाई होते आणि मग त्या छापलेल्या पत्र्यांतून प्रेसवर झाकणं दाबून काढतात: मलमाच्या डब्यांची, मिठाईच्या डब्यांची. मी नोकरीत असताना आयुष्यभर कंपनीचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून दुपारी गाळ्यावर जाते. ग्राहकांच्या अटी, शाईची माहितीपत्रकं, ऑडिटचे कागद, सगळं इंग्रजीत येतं. ते वाचायचं, मामाला आणि मशीनवरच्या लोकांना समजेल असं सांगायचं आणि उत्तरं लिहायची, हे माझं काम.

शाईबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी मामा साधी यूव्ही शाई वापरायचा. पत्रा अतिनील किरणांच्या दिव्याखालून गेला की ती लगेच घट्ट होते, पण घट्ट होताना आक्रसते. मग पत्रा प्रेसमध्ये वाकला की झाकणाच्या कडेला तिचे पापुद्रे निघतात. म्हणून त्याने दुसरी शाई आणली, कॅटायनिक नावाची. ती दिव्याखाली गेली की तिच्या पोटात थोडंसं तीव्र आम्ल तयार होतं आणि ते आम्ल शाईतल्या रेणूंना एकमेकांशी बांधत जातं. गंमत अशी की दिव्याचं काम फक्त सुरुवात करून देण्याचं. पत्रा रॅकवर अंधारात नेऊन ठेवला तरी बांधणी चालू राहते आणि दुसऱ्या दिवशी शाई आदल्या दिवसापेक्षा पक्की असते. ती फारशी आक्रसत नाही, धातूला घट्ट धरून राहते, वास कमी असतो. डबे, ट्यूबा, बाटल्यांची झाकणं, खाण्याच्या पाकिटांची बाहेरची बाजू अशा ठिकाणी ती चालते. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक हवेतला दमटपणा. दुसरं, आम्लाला मारणारं काहीही, म्हणजे अमोनिया आणि त्याच्या भावकीतली रसायनं, ज्यांना अमाइन म्हणतात. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा.

आता मावशी. त्या तुमच्या कोणी लागत नाहीत. गाळ्यात सगळेच त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. गास गावाच्या पुढे त्यांचं घर आणि थोडी भाजीची वाडी आहे. गाळ्यातलं तपासणीचं टेबल त्यांचं. दुसऱ्या दिवशी रॅकवरून पत्रे आले की त्या अंगठा दाबून फिरवतात, चिकटपट्टी लावून झटक्यात ओढतात, आणि शाई पट्टीला आली तर पत्रा बाजूला ठेवतात. टेबलावर आणखी बाया आहेत, पण शब्द मावशींचा. त्यांचा डबाही प्रसिद्ध आहे. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, नाहीतर सुकटीचं कालवण. डबा उघडला की प्रेसवरच्या माणसालाही कळतं. आम्ही कोकणातली माणसं, मला तो वास म्हणजे जेवायची वेळ झाल्याची घंटा वाटतो.

दिवाळीनंतर एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट ठरलं. त्याआधी त्यांचा माणूस एकदा नुसता नजर टाकायला येऊन गेला आणि जाताना म्हणाला की गाळा जरा चकाचक ठेवा. मामाने ते इतकं मनावर घेतलं की भिंती धुतल्या, दिवे पुसले, आणि कुठूनतरी निळ्या रंगाचा काचा पुसायचा द्रव कॅनभर घेऊन आला. रॅक, टेबलं, मशीनचे पत्रे सगळं त्या द्रवाने पुसायचं. कोऱ्या टिनच्या पत्र्यांवर बोटांचे ठसे दिसतात म्हणून छपाईआधी तेही त्यानेच पुसायचे. गाळा खरंच चकचकीत झाला.

आणि शाई पक्की होईना. सगळीकडे नाही, पत्र्यावर कुठेकुठे. दुसऱ्या दिवशीसुद्धा बोटाला चिकट लागायची. मावशी पत्रे बाजूला काढत राहिल्या, ढीग वाढत गेला. हवा कोरडी होती, त्यामुळे दमटपणावर ढकलता येईना. मामाने शाई पुरवणाऱ्यांना फोन केला. त्यांनी एक तंत्रज्ञ पाठवला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, आणि बोलणं निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी.

तो दिवा बघून आला, शाईचा डबा बघून आला, सगळं ठीक म्हणाला. नेमकी जेवणाची वेळ होती. तो तपासणीच्या टेबलाजवळ आला आणि थबकला.

"ये क्या स्मेल है?"

"बोंबील," मावशी म्हणाल्या. "बसा साहेब. भाकरी हाय, खाता काय?"

तो एक पाऊल मागे सरला. "इसी हाथ से शीट चेक करते हो?"

"हात धुऊन. साबनानं. तुमी जेवून हात धुवत नाय काय?"

बाया हसल्या. तो हसला नाही. मामाकडे वळून म्हणाला, "सर, दॅट्स युवर प्रॉब्लेम. बेसिक केमिस्ट्री. फिश मीन्स अमाइन. अमाइन शाईला मारतो. हाताला अमाइन, हवेत अमाइन. मासे बंद करा, प्रॉब्लेम बंद."

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. मी विचारलं, "तुम्ही एखादा पत्रा बोंबलाशेजारी ठेवून पाहिलात का?"

"मॅडम, टेस्ट की क्या जरूरत? स्मेल ही प्रूफ है."

हे वाक्य ऐकून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आजही तशीच आहे. माशात अमाइन असतात हे खरं, तो वास त्यांचाच असतो. पण खऱ्या गोष्टीचं एक टोक धरून दुसरं टोक समोरच्या बाईच्या डब्याला बांधायचं, मध्ये काहीही न तपासता, याला शास्त्र म्हणत नाहीत. त्याला तो वास नकोसा झाला होता, एवढंच. आणि तो नकोसेपणा इंग्रजीत सांगितला म्हणून माझ्या मुलाला तो पटला.

मी मामाला बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी इतकी वर्षं इथे बोंबील खातात. ही नवी शाई आली तेव्हाही ती पक्की होत होती, बिघडली आता. मधे काय बदललं ते बघ."

"आई, तू यात पडू नकोस. ही केमिस्ट्री आहे."

"केमिस्ट्री असेल तर तपासता येईल."

"तपासत बसायला वेळ नाहीये. ऑडिट तोंडावर आहे."

तो टेबलाकडे गेला आणि सगळ्या बायांसमोर म्हणाला, "मावशी, ऑडिट होईपर्यंत तुम्ही टेबलावर बसू नका."

"मंग कुटं बसू?"

"पॅकिंगचं काम बाहेर शेडमध्ये घ्या. आणि डब्यात मासे नको. कुणीच आणायचे नाहीत."

"बाहेर कशाला, मालक? माझ्या हाताला घान हाय म्हनून?"

मामा रॅककडे वळला. त्याने नाही म्हणायला हवं होतं. मावशींनी डबा बंद केला, ॲप्रन काढून घडी करून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "येते मी, आई." त्या शेडकडे गेल्या नाहीत. सरळ फाटकाबाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर छापील पाटी लागली होती: 'गाळ्यात मासे आणण्यास सक्त मनाई. हुकमावरून.' टेबलावरच्या बाया खाली मान घालून भेंडीची भाजी खात होत्या. मी घरी आले आणि 'गाळ्यात'ऐवजी 'या घरात' घालून तेच शब्द सुबक अक्षरात लिहून फ्रिजवर लावले.

रात्री मामा जेवायला बसला. "आज पापलेट आणणार होतीस ना?"

"मनाई आहे."

"ती गाळ्यात, आई."

"तू गाळ्यातच जातोस की. याच हाताने पत्रे उचलतोस. अमाइन लागेल."

"उगाच टोचू नकोस."

"मी कुठे टोचते? बेसिक केमिस्ट्री आहे. वरण वाढू?"

तुम्हाला ठाऊक आहे, मामाला माशाशिवाय जेवण जात नाही. पण मी शब्दाची पक्की आहे. सकाळी पोहे, दुपारी डब्यात बटाट्याची भाजी, रात्री वरणभात. त्याने एकदा बाहेरून तळलेली सुरमई खाऊन यायचा प्रयत्न केला, तर मी त्याला दारातच साबणाने हात धुवायला लावले आणि कोपरापर्यंत धुतलेत का ते पाहिलं. तो म्हणाला, "आई, हद्द झाली." मी म्हटलं, "मावशींना तर तू हेही विचारलं नाहीस."

इकडे गाळ्यात मासे बंद झाले आणि शाई आणखी बिघडली. मामाने माशाचा उरलासुरला अंश जावा म्हणून निळ्या द्रवाने दुप्पट पुसायला सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ फवारे आणि फडके. गाळ्यात शिरलं की नाकात आणि डोळ्यांत चुरचुरायचं, पण त्या वासाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तो स्वच्छतेचा वास होता ना.

एका दुपारी मी नाकारलेले पत्रे एकेक करून खिडकीशी नेऊन तिरके धरून पाहिले. पक्की शाई चकाकते, कच्ची मंद दिसते. प्रत्येक पत्र्यावर मंद पट्टे होते, आणि ते सरळ नव्हते. कमानीसारखे वळलेले, एकात एक शिरलेले. फरशी पुसून वाळल्यावर उन्हात फडक्याचे फराटे दिसतात, अगदी तसे. माशाच्या वासाला असे वळण घेता येत नाही. हे कुणाच्या तरी पुसणाऱ्या हाताचं वळण होतं. मी कॅनपाशी जाऊन झाकण उघडलं आणि वास घेतला. मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. अमोनिया.

लगेच जाऊन ओरडायचं नव्हतं. ओरडले असते तर मीही त्या शर्टवाल्यासारखीच वासावरून निकाल देणारी झाले असते. घरी फडताळातल्या डब्यात सुके बोंबील पडून होते, बंदीमुळे तसेच राहिलेले. ते कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच मुलाच्या गाळ्यात, मनाईच्या पाटीखालून, घेऊन गेले. मशीनवरच्या माणसाने पर्सकडे पाहिलं, वास हुंगला आणि म्हणाला, "आई, तुम्हाला पण बाहेर बसवतील."

"बसवू देत. मला थोडे पत्रे छापून दे."

त्याने दिले. काही कोरे पत्रे नुसत्या कोरड्या फडक्याने पुसले होते, काही निळ्या द्रवाने. सगळे एकाच दिव्याखालून गेले. मग कोरड्या फडक्याने पुसलेल्यांपैकी एक पत्रा मी बोंबलासकट एका बंद डब्यात ठेवला. दुसरा नुसताच दुसऱ्या डब्यात. निळ्या द्रवाने पुसलेला तिसऱ्यात. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि मामाला सांगितलं की उद्या मी उघडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. वरणभाताने तो थकला होता.

दुसऱ्या दिवशी टेबलावर सगळ्यांसमोर डबे उघडले. बोंबलाच्या डब्यातला पत्रा वासाने नकोसा झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. पण अंगठा फिरवला तर शाई जागची हलली नाही, चिकटपट्टी ओढली तर पट्टी कोरी. नुसताच ठेवलेला पत्राही तसाच पक्का. निळ्या द्रवाचा पत्रा बोटाला चिकटला आणि पट्टीवर कमानीच्या कमानी उतरून आल्या.

"बोंबील पास झाला," मशीनवरचा माणूस म्हणाला.

सडक्या मासळीच्या ढिगात पत्रा ठेवला असता तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. तो प्रयोग मी केलेला नाही. पण मावशींच्या डब्यात सडकी मासळी नव्हती आणि आमच्या पत्र्यांवरचे फराटे बोंबलाचे नव्हते, एवढं सिद्ध झालं.

मामाने ती पट्टी उचलून उजेडात धरली. "तो कॅन मीच आणला होता," तो म्हणाला.

"हो."

"शाईवाल्यांना फोन करतो."

"आधी मावशींना."

मावशींनी फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग मी रिक्षा बोलावली आणि मामाला आत बसवलं. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गर्दी मागे पडली, वाड्या लागल्या. मावशी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत, पण सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

मामाने घसा साफ केला. "मावशी, तुमच्या डब्याचा काही संबंध नव्हता. पुसायच्या द्रवामुळे झालं सगळं. मी आणलेल्या."

"बोंबलाचा दोस नव्हता ते मला म्हाईत होतं, मालक. मला कशाला सांगता?"

"मग... उद्यापासून या."

"येते की. पन ज्यांच्यासमोर उठवलंत त्यांच्यासमोर सांगा. नि ती पाटी हाय ना, ती तुमीच काढा. वॉचमनला सांगू नका."

मला म्हणाल्या, "आई, तुमी आनलावता काय बोंबील गाळ्यात? मला टेबलावरच्या बायांकडून फोनवर कलालं."

"पर्समधून."

"पर्सचा वास जायाचा नाय आता." आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. जाताना मेथीच्या दोन जुड्या माझ्या हातात ठेवल्या, मामाच्या नाही.

सकाळी टेबलाभोवती सगळ्या बाया जमल्या. मामा पाटीकडे बघत म्हणाला, "जे झालं ते... सॉरी. मिसअंडरस्टँडिंग होतं."

"मराठीत बोला, मालक," मावशी म्हणाल्या. "नि पाटीकडं नको, आमच्याकडं बघून."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्याने सांगितलं, मराठीत, बायांकडे बघून: चूक माझी होती, मावशींच्या हातात काही घाण नव्हती, मी न तपासता त्यांना उठवलं. मग स्टुलावर चढून त्याने पाटी काढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंग निघून आला. ती खूण मी बुजवू दिलेली नाही.

शाईवाल्यांना पत्र मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं की माशांचा या बिघाडाशी काहीही संबंध नव्हता आणि तुमच्या माणसाने कोणतीही चाचणी न करता तो जोडला. मामा म्हणाला, "हे वाक्य काढ, संबंध बिघडतील." मी काढलं नाही. उत्तर आलं, त्यात 'साफसफाईच्या द्रवातून आलेला दोष' असे गुळगुळीत शब्द होते आणि आमचे आभार मानले होते. मावशींबद्दल, डब्याबद्दल, अवाक्षर नाही. तो तंत्रज्ञ पुढे एकदा आला तेव्हा मावशींनी डबा पुढे करून परत विचारलं, "खाता काय साहेब?" तो फोन कानाला लावून बाहेर गेला.

फ्रिजवरचा कागद मी मामाने माफी मागितली त्या दिवशी काढला नाही. मावशी टेबलाच्या मध्यावर बसून, डबा उघडून, इतर बायांना चटणी वाटतायत हे मी डोळ्यांनी पाहिलं, त्या दिवशी संध्याकाळी काढला आणि पापलेट तळलं. 

इथे थांबले असते, पण एक गोष्ट राहते, आणि राग त्याच गोष्टीमुळे टिकून आहे. मधल्या दिवसांत आमची पाटी बाजूच्या गाळ्याच्या मालकाने पाहिली आणि तशीच छापून आपल्या भिंतीवर लावली. आमची गेली, त्याची राहिली. परवा मी त्याच्याकडे गेले आणि विचारलं, "तुम्ही कोणती शाई वापरता?"

"शाई कुठली काकी? आम्ही प्लास्टिकच्या बादल्या बनवतो."

"मग ही पाटी कशाला?"

"वास येतो ना," तो म्हणाला.

निदान तो खरं बोलला. त्याला केमिस्ट्रीची गरज वाटली नाही. त्याच्याकडच्या बाया फाटकाबाहेर, ट्रक उभे राहतात तिथे, डबे मांडीवर घेऊन बसतात. मी रोज दुपारी जाता-येता त्याच्या दारात थांबते आणि विचारते, पाटी कधी काढताय. तो आता मला लांबून बघूनच आत जातो. मी थांबते. तो केव्हातरी बाहेर येतोच.